आधी बोलणारा शोधा: सत्ता आणि संघर्षाच्या कविता अभ्यासायच्या कशा

बारावीच्या आणि बी.ए.च्या पोरापोरींच्या वह्या मी बरीच वर्षं तपासल्या. कवितेवरच्या उत्तराची पहिली ओळ जवळजवळ ठरलेली असते: ‘प्रस्तुत कवितेत कवीने सत्ता आणि संघर्ष या विषयाचे प्रभावी चित्रण केले आहे.’ पुढे अलंकारांची यादी, मग ‘भाषा ओघवती आहे’, की झालं उत्तर. यात पोरांचा दोष नाही. सुरुवातीची काही वर्षं मीही असंच शिकवलं. फळ्याच्या डाव्या बाजूला ‘आशय’, उजव्या बाजूला ‘अलंकार’, मधे उभी रेघ. ती रेघ पुसायला मला एका आजीबाईंनी शिकवलं.

भुलाबाईचे दिवस होते. आमच्या गावात ओट्यावर पोरी गाणी म्हणत होत्या, ‘कारल्याचं बी पेर गं सूनबाई, मग जा आपल्या माहेरा.’ सून बी पेरते. मग वेल वाढू दे, मग फूल येऊ दे, मग कारलं लागू दे, मग भाजी कर, मग खरकटं काढ. मी शिक्षकी थाटात विचारलं, या गाण्यात काय विशेष आहे? शेजारी वाती वळत बसलेली आजी म्हणाली, “सासू नाही म्हनतच नाही ना बाबू. तिथंच तर मेख हाय.”

खरंच, सासू एकदाही ‘जाऊ नको’ म्हणत नाही. प्रत्येक वेळी ‘जा’च म्हणते, फक्त त्याआधी एक काम ठेवते. म्हणजे इथली पुनरुक्ती नुसती गाणं गोड करायला आलेली नाही. सासूची सत्ता त्या पुनरुक्तीतूनच चालते. कडवं संपत नाही, तशी सुनेची सुटका होत नाही. आशय आणि तंत्र यांच्यामधली रेघ मला त्या दिवशी नकोशी झाली. पुढे सांगतो ती पद्धत त्यानंतर हळूहळू बसत गेली. ती मराठी कवितेला चालते, इंग्रजीच्या पेपरातल्या कवितेलाही चालते, आणि घरी गाईड नसलं तरी अडत नाही.

पहिली पायरी: हाताने उतरवा आणि मोठ्याने वाचा

मोबाईलवर कविता वाचून अभ्यास होत नाही, असं माझं ठाम मत आहे. दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर एक ओळ सोडून एक ओळ अशी कविता उतरवा. उजवं पान कोरं ठेवा. वही नसेल तर जुन्या कॅलेंडरची मागची बाजू उत्तम. मोठा कागद असला की बाण काढायला जागा मिळते.

उतरवताना कवीची विरामचिन्हं आणि ओळ जिथे तुटते ती जागा जशीच्या तशी ठेवा. मग तीनदा मोठ्याने वाचा. घरात लाज वाटत असेल तर वावरात वाचा. रब्बीत रात्रीची लाईन असली की मोटर चालू करून धुऱ्यावर बसावंच लागतं. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी अख्खा पेपर तसाच, बॅटरीच्या उजेडात, गव्हाला पाणी देत तयार केला होता. पहिलं वाचन नुसतं वाचायचं. दुसऱ्यात जीभ जिथे अडखळते तिथे टिंब द्यायचं. तिसऱ्यात आवाज आपोआप चढतो किंवा उतरतो तिथे खूण करायची. ही टिंबं पुढे कामाला येतात.

कविता इंग्रजी असेल तर आणखी एक काम. प्रत्येक ओळीचा अर्थ आपल्या घरच्या बोलीत लिहा. पुस्तकी मराठीत लिहिला की न समजलेला भाग जड शब्दाखाली झाकला जातो. वऱ्हाडीत तो झाकता येत नाही.

दुसरी पायरी: कोण बोलतं, कोणाला बोलतं, गप्प कोण आहे

कोऱ्या पानावर वरच तीन शब्द लिहा: बोलणारा, ऐकणारा, मुका. कविता सत्तेची असेल तर या तिघांत सत्ता कोणाकडे आहे ते ठरवा. ‘कवी म्हणतो’ हे शब्द या टप्प्यावर वापरायचेच नाहीत. कवी आणि कवितेतला बोलणारा एकच असेल असं नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण रॉबर्ट ब्राउनिंगची ‘माय लास्ट डचेस’, सन 1842 ची. अख्ख्या 56 ओळी एकच माणूस बोलतो. तो फेराराचा ड्यूक आहे. ऐकणारा दुसऱ्या एका उमरावाचा दूत आहे, ड्यूकच्या पुढच्या लग्नाची बोलणी करायला आलेला. आणि मुकी आहे ती आधीची बायको. तिचं भिंतीवरचं चित्र तेवढं उरलं आहे, त्यावर पडदा आहे, आणि तो पडदा फक्त ड्यूकच सरकवतो. ती सगळ्यांकडे बघून सारखंच हसायची, एवढीच त्याची तक्रार. ‘मी हुकूम दिले, मग सगळं हसणं एकदम थांबलं,’ असं तो सांगतो आणि पुढच्या वस्तूकडे वळतो.

आता तंत्राकडे बघा. ही कविता दोन-दोन ओळींच्या यमकांत आहे, पण वाक्यं ओळीच्या शेवटी थांबत नाहीत, पुढच्या ओळीत वाहून जातात. त्यामुळे यमक असून कानाला जाणवत नाही. ड्यूकचा ताबा तसाच आहे: सगळीकडे आहे, पण आवाज चढलेला कुठेच नाही. ‘ही स्वगतासारखी एकतर्फी बोलण्याची कविता आहे’ एवढं लिहिलं तर अर्धा गुण मिळेल. ‘बायकोला एक ओळही बोलू दिलेली नाही, म्हणजे ड्यूकने तिला जे केलं तेच कवितेची रचना तिला करते’ असं लिहिलं तर परीक्षक पेन थांबवून वाचेल.

तिसरी पायरी: क्रियापदं आणि सर्वनामं अधोरेखित करा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा. अलंकार नंतर. आधी लाल पेनाने क्रियापदं, निळ्या पेनाने सर्वनामं.

उदाहरण आपल्याच मातीतलं घेऊ. संत चोखामेळा यांचं जन्मगाव आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा मानतात. त्यांचा हा अभंग पाठभेदांसह सर्वत्र म्हटला जातो:

धांव घाली विठू आता चालू नको मंद ।
बडवे मज मारिती ऐसा काही तरी अपराध ॥

बडवे म्हणजे विठोबाच्या देवळातले पुजारी. चारच कडव्यांचा अभंग आहे. वहीत पूर्ण उतरवा आणि माझ्याबरोबर चला.

पहिल्या ओळीतली क्रियापदं बघा: ‘धाव घाली’, ‘चालू नको’. दोन्ही आज्ञार्थी. एका वर्षी वर्गातली एक मुलगी एकदम म्हणाली, “सर, हा मार खाऊन राह्यला अन् देवालेच हुकूम देऊन राह्यला!” मी तिथेच खडू खाली ठेवला. कवितेतला सगळ्यात दुबळा माणूस सगळ्यात मोठ्या धन्याला हुकूम सोडतो आहे. तोही ‘विठू’ म्हणून, एकेरीत. माणसाच्या पाठीवर काठी पडत असते तेव्हा तो ‘आपण कृपया यावे’ म्हणत नाही.

आता ‘काही तरी अपराध’. हे ‘काही तरी’ फार मोलाचं आहे. मारणाऱ्यांकडे कारण असेल, पण मार खाणाऱ्याला ते धड माहीतही नाही, किंवा सांगण्याजोगं वाटत नाही. अपराध नेमका काय, ते पुढच्या कडव्यात मारणाऱ्यांच्याच तोंडून येतं: विठोबाचा हार तुझे कंठी कैसा आला? देव बाटविला. चोखोबांनी मारणाऱ्यांचं बोलणं स्वतःच्या शब्दांत फिरवलं नाही, जसंच्या तसं ठेवलं. शिवी देणाऱ्याची शिवी त्याच्याच आवाजात सहाशे-सातशे वर्षं ऐकू येत राहिली. याला वहीत नाव द्या ‘परकीय आवाजाचा उपयोग’ किंवा सरळ ‘मारणाऱ्याचं बोलणं तसंच ठेवलं’. नाव कोणतंही चालेल, त्याचं काम नेमकं सांगता आलं पाहिजे.

तिसऱ्या कडव्यात निळा पेन धरा. ‘विठू’ जातो आणि ‘अहो जी महाराज’ येतो. एकेरी गेलं, ‘तुमचे’ आलं. स्वतःला ‘तुमचे द्वारीचा कुतरा’ म्हणवून घेतलं. वाटतं, माणूस आता खचला, लोटांगणाला आला. पण त्याच कडव्याच्या शेवटी देवाला कोणता शब्द लावला आहे? ‘जिमेदारा’. जिमेदार म्हणजे ज्याच्या माथी जबाबदारी आहे तो. पायाशी बसूनच देवाला जाब विचारला आहे. दारातल्या कुत्र्याला कोणी मारलं तर उत्तर दाराच्या मालकाने द्यायचं असतं.

शेवटच्या कडव्यात हात जोडले आहेत. बोललो त्याचा राग नसावा, असं विनवलं आहे. मला ही ओळ नेहमी पहिल्या ओळीपेक्षा जड जाते. हुकूम सोडणारा आवाज चार कडव्यांत क्षमा मागण्यापर्यंत येतो. आयुष्यभर ‘तुझं बोलणं मोठं झालं’ असं ऐकत आलेल्या माणसाचा सराव त्या एका ओळीत आहे.

म्हणजे सत्ता या अभंगात कशी हलते? आज्ञा, मग मारणाऱ्यांचा आवाज, मग लोटांगणातला जाब, मग माफी. एकही अवघड अलंकार न शोधता, फक्त क्रियापदं आणि सर्वनामं धरून आपण इथवर आलो. हा बाण कोऱ्या पानावर वरून खाली काढा. असा बाण प्रत्येक कवितेचा निघतो. ज्या कवितेचा निघत नाही तिथे आपलं वाचन कमी पडलं आहे असं धरून परत पहिल्या ओळीवर जायचं.

एक सूचना शिकवणाऱ्यांसाठी. हा अभंग वर्गात घेताना जातीचा विषय आला की काही जण घाईने ‘त्या काळी असं होतं’ म्हणून पुढे जातात. जाऊ नका. वर्गात बसलेल्यांपैकी कोणाच्या आज्याने गावच्या विहिरीवर काय सोसलं ते आपल्याला ठाऊक नसतं. पोरांना बोलायचं असेल तर बोलू द्या, आणि कोणालाही उभं करून बोलायला लावू नका.

चौथी पायरी: घटना वेगळी, कविता वेगळी

युद्धाच्या कवितांत पोरं हमखास इतिहास लिहून येतात. दोन पानं लढाई आणि चार ओळी कविता. तेव्हा उजव्या पानाला खाली एक चौकट आखा, तीत घटना पाच ओळींत संपवा. पाचच. मग विचारा, कवीने यातलं काय घेतलं, काय सोडलं, काय बदललं?

माझी आवडती जोडी सांगतो. कुसुमाग्रजांची ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ आणि टेनिसनची ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’.

पहिलीची चौकट: सरनौबत प्रतापराव गुजरांनी उमराणीला आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडीत धरून सोडून दिलं. शिवाजी महाराजांना ते रुचलं नाही, कडक शब्दांत कानउघाडणी झाली. 24 फेब्रुवारी 1674 ला नेसरीला प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि कामी आले. त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आत, 6 जूनला, महाराजांचा राज्याभिषेक झाला.

दुसरीची चौकट: क्रिमियाचं युद्ध, बालाक्लावा, 25 ऑक्टोबर 1854. वरून आलेल्या हुकुमाचा अर्थ चुकीचा लागला आणि साधारण 670 इंग्रज स्वार सरळ रशियन तोफांच्या दरीत गेले. टेनिसन तिथे नव्हता. त्याने वर्तमानपत्रातली बातमी वाचून कविता लिहिली आणि ती 9 डिसेंबरला, म्हणजे दीड महिन्यात, ‘एक्झामिनर’ या साप्ताहिकात छापून आली.

दोन्हीकडे घोडे, दोन्हीकडे मूठभर माणसं, दोन्हीकडे मरण दिसत असताना घेतलेली धाव. आता फरक. टेनिसनचे स्वार हुकूम पाळतात. का, हे विचारणं त्यांचं काम नाही, असं कविता सांगते. कुसुमाग्रजांच्या सातांना ‘त्या तोफांवर जा’ असं कोणी म्हटलेलं नाही. त्यांना पळवतात ते शब्द. कविता टोमण्याने सुरू होते: तुमची वार्ता ऐकून कान धन्य झाले! इथलं ‘धन्य’ म्हणजे चाबूक आहे. आपल्याकडे याला व्याजस्तुती म्हणतात. नाव लिहा, पण पुढे हेही लिहा की या कवितेत पहिली जखम अक्षरांनी होते, भाले नंतर येतात. गाणं म्हणून ही कविता सगळ्यांच्या कानात आहे. म्हणूनच ती एकदा छापील शोधून, चाल विसरून वाचा.

टेनिसनच्या दुसऱ्या कडव्यात एक वाक्य आहे: ‘कोणीतरी चूक केली होती.’ हे ‘कोणीतरी’ वाचलं की मला लगेच चोखोबांचं ‘काही तरी’ आठवतं. चोखोबांकडे मारणारे कोण ते स्पष्ट आहे, बडवे. अपराध मात्र धूसर. टेनिसनकडे अपराध स्पष्ट आहे, चूक. करणारा मात्र धूसर. सहाशे माणसं दरीत घालणाऱ्याला कवितेत नाव नाही. तो वरचा आहे म्हणून तो ‘कोणीतरी’. टेनिसन तेव्हा राजकवी होता, हेही चौकटीत लिहून ठेवा. सत्तेच्या कवितेत अनिश्चित सर्वनामं दिसली की तिथे थांबायचं. नाव झाकलं आहे का, कोणाचं, आणि कोणाच्या सोयीसाठी?

पाचवी पायरी: ताल हाताने मोजा

वृत्ताचं नाव पाठ नसलं तरी चालेल. बाजेच्या लाकडावर बोटांनी वाजवून बघा.

‘हाफ अ लीग, हाफ अ लीग’. एक जोरकस ठोका, मग दोन हलके. परत जोरकस, परत दोन हलके. घोड्याच्या टापा आहेत. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘सहाशे’ येतात, पण तसेच येत नाहीत. आधी सहाशे दौडले, मग परत आले ते ‘सहाशे नव्हेत’, मग सहाशेंपैकी ‘उरले ते’, आणि शेवटी ‘थोर सहाशे’. ध्रुवपद जागेवर आहे, अर्थ मात्र सरकतो. आकडा तोच ठेवून माणसं कमी केली आहेत. आता कुसुमाग्रजांचे ‘सात’ मोजा. धुळीचे सात मेघ, सात माना, सात उल्का, सात जीव, सात पक्षी. तिथे शेवटपर्यंत सातच राहतात, कारण परत कोणी येतच नाही.

मात्रा मोजायचा सराव ‘तुतारी’वर करा, तिथे सोपं जातं. केशवसुतांची ही कविता 1893 ची.

एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन मी जी स्वप्राणाने

ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन. ए-क-तु-ता-री-द्या-म-ज-आ-णु-नि: दोन, एक, एक, दोन, दोन, दोन, एक, एक, दोन, एक, एक. बेरीज 16. दुसरी ओळही 16 भरते. ‘स्व’नंतर ‘प्रा’ हे जोडाक्षर आहे म्हणून ‘स्व’ दोनाचा धरायचा. मोजून झालं की विचारा, सोळाचा हा ताल कशाचा? पायांनी चालून बघा, पावलं जुळतात. मग ‘सावध! ऐका पुढल्या हाका’ ही ओळ म्हणा. ‘सावध’ नंतरचं उद्गारचिन्ह पाऊल क्षणभर अडवतं. चालणाऱ्या जमावाला कोणीतरी मधेच थांबवलं, असा तो झटका आहे. तुमच्या तिसऱ्या वाचनातली खूण इथेच पडलेली असेल.

‘तुतारी’त सत्ता कोणाची, हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. राजा नाही, सेनापती नाही. रूढी आहे. तिला तोंड नाही, म्हणून ती मारायला अवघड. आणि बोलणाऱ्याजवळ तरी काय आहे? तुतारीसुद्धा नाही. तो ती मागतो आहे! पहिल्याच ओळीत ‘द्या’. गर्जनेची म्हणून प्रसिद्ध असलेली कविता मागणीने सुरू होते, हे कितीदा वाचूनही नजरेतून सुटतं.

सहावी पायरी: प्रतिमा हातात घेऊन बघा

प्रतिमा म्हणजे शोभा असं समजू नका. ती वस्तू खरोखर हातात धरल्यासारखी तपासा. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी एका गीतात विचारलं आहे, ‘कसा सूर्य अंधाराच्या वाहतो पखाली?’ वर्गात आज पखाल पाहिलेलं पोर एकही नसतं. पखाल म्हणजे कातड्याची पाणी वाहायची मोठी पिशवी. ती पाठीवर किंवा रेड्यावर टाकून दुसऱ्याच्या घरी पाणी भरायचं. हे कळल्याशिवाय ओळ उघडत नाही. सूर्याने उजेड द्यायचा, तर तो अंधाराच्या घरी पाणी भरतो आहे. ज्याच्याकडे तेज होतं तोच हमाल झाला. आता ही ओळ कुठल्या काळाला लागू पडते ते तुम्हीच सांगाल.

कुसुमाग्रजांकडे आगीच्या प्रतिमा एकाखाली एक लिहून काढा: जळत समुद्रात पडणाऱ्या उल्का, वणव्यात सापडलेले पक्षी, वर-खाली-बाजूंनी आग. टेनिसनकडे तोफा उजवीकडे, डावीकडे, समोर. दोघांनी वेढा दाखवायला एकच युक्ती वापरली, शब्द सगळ्या दिशांनी परत परत आणला. एकाकडे तोफ आहे म्हणजे माणसाने लावलेलं यंत्र, दुसऱ्याकडे आग आहे म्हणजे जवळजवळ निसर्ग. एकात लढाई घडते, दुसऱ्यात आहुती पडते. तुलनेच्या उत्तराचा हा एक चांगला परिच्छेद होईल.

अनुप्रास, चेतनगुणोक्ती वगैरे इथेच उरकून घ्या. सापडलं, खूण केली, काम सांगितलं, पुढे. काम सांगता येत नसेल तर उत्तरात घेऊ नका.

सातवी पायरी: दोन कविता शेजारी ठेवा

शेली यांचं ‘ऑझिमांडियस’ हे 14 ओळींचं सुनीत (सॉनेट) 11 जानेवारी 1818 ला छापून आलं, त्याच ‘एक्झामिनर’मध्ये. ऑझिमांडियस हे इजिप्तच्या दुसऱ्या रामसेस राजाचं ग्रीक नाव. कवितेत आधी ‘मी’ आहे, त्याला प्रवासी भेटतो, प्रवासी वाळवंटातल्या फुटक्या पुतळ्याबद्दल सांगतो, पुतळ्याखाली राजाचे शब्द कोरलेले आहेत: माझी कामं बघा आणि हताश व्हा! भोवती वाळूशिवाय काही नाही. दुसऱ्या पायरीचे तीन शब्द इथे लावा. राजा बोलतो, पण दोघांच्या तोंडून फिरून. स्वतःच्या आवाजात नाही, ऐकीव म्हणून. एके काळी हुकूम असलेलं वाक्य आता कोणीतरी कोणाला तरी सांगितलेली गोष्ट झालं. आणि त्याचा चेहरा आजही कळतो तो शिल्पकारामुळे, ज्याने राजाची छद्मी मुद्रा नेमकी दगडात धरली. मजूर-कारागिराचा हात राजापेक्षा टिकला.

आमच्या भागातल्या पोरांना ही कविता शिकवायची तर मी सिंदखेडराजाला नेतो. लखुजीराव जाधवांचा वाडा आहे, भलंमोठं प्रवेशद्वार आहे, काळ्या कोटाच्या उंच भिंती आहेत. लखुजीरावांना 1629 मध्ये दौलताबादला निजामशाही दरबारात दगा देऊन मारलं. मी तिथे उभं राहून ‘ऑझिमांडियस’ वाचतो आणि विचारतो, इथे कविता लागू पडते का? पडते आणि पडत नाही. भिंती तशाच ओस आहेत, पण 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थळी मुंगीला वाट नसते. दोन्हीकडे दगडच उरला आहे. एकीकडे तो कोणाचाच नाही, दुसरीकडे लोक त्याला हात लावून कपाळाला लावतात. या फरकावर पोरं जे बोलतात ते कुठल्याही गाईडात नसतं. नेसरीच्या कवितेचा शेवटही दगडावर आहे, टाचांच्या खुणा ‘अजून’ दिसतील म्हणणारा. शेलीच्या दगडाजवळ हे ‘अजून’ म्हणणारं कोणी नाही. ही जोडी परीक्षेत बिनधास्त लिहा.

सुनीत मराठीत आणलं केशवसुतांनी. 1892 मधलं त्यांचं ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे मराठीतलं पहिलं सुनीत मानतात. विषय बघा: एकाच बादशहाचं सिंहासन आणि कबर. मराठीतलं पहिलं सुनीत सत्तेबद्दल निघावं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. शेलीशेजारी ठेवायला तेही उत्तम.

आठवी पायरी: उत्तर लिहा

एका परिच्छेदात एकच मुद्दा. आधी सत्ता कुठे आहे ते सांगा, मग शब्द दाखवा, मग त्या शब्दाचं काम. चोखोबांवरचा नमुना देतो:

‘अभंगाच्या आरंभी मार खाणारा भक्त देवाला एकेरीत आज्ञा करतो. “धाव घाली”, “चालू नको” या आज्ञार्थी रूपांतून त्याची निकड आणि हक्क दोन्ही कळतात. तिसऱ्या कडव्यात संबोधन “अहो जी महाराज” असे आदरार्थी होते आणि तो स्वतःला दारचे कुत्रे म्हणवतो. मात्र देवाला “जिमेदारा” म्हणून तो जबाबदारीही त्याच्यावर टाकतो. नम्रतेच्या भाषेतच जाब विचारला गेल्याने सत्ता आणि भक्ती यांतील ताण शेवटपर्यंत सुटत नाही.’

पाच वाक्यं आहेत. एकही अवतरण दोन-तीन शब्दांहून लांब नाही. ‘कवीने प्रभावीपणे’ कुठेही नाही. असे चार परिच्छेद झाले की उत्तर पुरं. सुरुवातीला एका परिच्छेदाला अर्धा तास लागेल, लागू द्या. रोज एक लिहा, पंधरवड्यात बारा-पंधरा मिनिटांवर येतो.

सरावासाठी पोळ्याच्या झडत्याही सोडू नका. तोरणाखाली बैल उभे असतात, कोणीतरी पुढे होऊन कापसाच्या भावावर, सावकारावर, पुढाऱ्यावर यमक जुळवून बोलतो आणि ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ म्हणून संपवतो. ज्याच्यावर बोललं तोही तिथेच उभा असतो आणि त्यालाही ‘महादेव’ म्हणावंच लागतं. बोलणारा, ऐकणारा, मुका, तिघे एकाच वेळी समोर दिसतात. यंदा वहीत चार झडत्या उतरवून घ्या, म्हाताऱ्यांच्या तोंडून असतील तर फारच चांगलं.

आता एक अभंग तुमच्यावर सोपवतो. तुकोबांचा.

रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग ।
अंतर्बाह्य जग आणि मन ॥

शेवटचं कडवं: तुका म्हणे तुझ्या नामाचिया बळें । अवघियांचें काळें केलें तोंड ॥

पूर्ण अभंग गाथेतून उतरवून घ्या. पहिल्या ओळीत ‘मला’ न म्हणता ‘आम्हां’ का? शत्रू दोन सांगितले आहेत, एक बाहेर, एक आत. मग त्यातला मुका कोण? आणि शेवटी ज्या ‘अवघियांचें’ तोंड काळं केलं, त्यात तुकोबांचं स्वतःचं मन धरायचं की नाही? दोन्ही बाजूंनी एकेक परिच्छेद लिहा. माझ्या वर्गात यावर दर वर्षी भांडण होतं, आणि अजून एकदाही मी निकाल दिलेला नाही.